दोन्ही बाजूंनी उघडणारी तिजोरी

पॅरिसमधला एक जागांचा दलाल. त्याच्याकडे एक गृहस्थ येतो आणि भाड्याने जागा मागतो. अट एकच: घरात तिजोरी हवी. दलाल तत्परतेने जागा दाखवतो, तिजोरी दाखवतो. गृहस्थाला जागा पसंत पडते. तो आपली बॅग तिजोरीत ठेवतो, दार लावून घेतो आणि निर्धास्त होतो. मग चित्र बदलतं आणि आपण शेजारच्या बिऱ्हाडात येतो. तिथे राहणारी बाई भिंतीकडे जाते आणि त्याच तिजोरीची पाठ उघडते. भिंत एक, तिजोरी एक, दारं दोन. दलाल अर्थातच तिचा साथीदार. बॅग बाहेर निघते, उघडली जाते आणि चोरच चाट पडतात. आत ना नोटा ना दागिने. आत आहे काळा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख, थेट त्यांच्याच टोळीचा. चोराच्या घरी चोर भाडेकरू म्हणून आला आहे.

हा प्रसंग ७ जानेवारी १९१६ रोजी पॅरिसच्या पडद्यावर आला. ‘ले व्हाँपीर’ या मूकपटमालिकेचा तो चौथा भाग, नाव ‘भूत’. दिग्दर्शक लुई फ्युयाद, कंपनी गोमाँ. १३ नोव्हेंबर १९१५ ते ३० जून १९१६ या साडेसात महिन्यांत एकूण दहा भाग आले. एखादा पाव तासाचा, एखादा तासाभराचा. सगळे सलग लावले तर जवळजवळ सात तास होतात. नावावरून रक्त पिणारी भुतं डोळ्यांपुढे आणू नका. ‘व्हाँपीर’ हे खून, दरोडे आणि अपहरणं करणाऱ्या एका टोळीचं नाव आहे. तिच्या मागावर आहे फिलिप गेराँद नावाचा वार्ताहर, आणि त्याच्या मदतीला माझामेत नावाचा, तीन मुलांचा बाप असलेला, लांब नाकाचा एक हरहुन्नरी इसम.

या मालिकेला रहस्यपट म्हणतात खरं, पण त्या शब्दाने थोडी दिशाभूल होते. लहानपणी आमच्या गल्लीतल्या वाचनालयातून मी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणायचो. झुंजार आणि काळा पहाड यांच्या त्या पातळ पुस्तकांत पहिल्याच पानावर कोणीतरी पुण्यात्मा पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. पहिल्यांदा संताप आला. पुढे लक्षात आलं की नाव कळूनही पुस्तक खाली ठेवता येत नाही. फ्युयादने हे पेन्सिलीचं काम स्वतःच केलं आहे. खून कोणी केला हे ‘ले व्हाँपीर’मध्ये बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते एवढंच, की या खोलीच्या कुठल्या भिंतीला दुसरं दार आहे.

आता थोडं मागे जायला हवं, कारण गोष्ट तुकड्यातुकड्याने विकण्याची युक्ती सिनेमाची नव्हे, वर्तमानपत्रांची. १८४२ साली ‘जुर्नाल दे देबा’ या पॅरिसच्या दैनिकात यूजेन स्यू याची ‘पॅरिसची रहस्यं’ ही कादंबरी छापायला सुरुवात झाली आणि ती वर्षभराहून अधिक काळ चालली. शहराच्या पोटातली गुन्हेगारी, वेषांतरं, हरवलेली मुलगी, दुष्ट वकील, सगळा मसाला. अंक खपू लागले. लंडनमध्ये जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सने तीच तऱ्हा उचलली आणि १८४४ पासून लंडनची रहस्यं हप्त्याहप्त्याने बाजारात आणली. या रेनॉल्ड्सला इंग्लंड विसरलं, पण आपल्याकडच्या इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणेवैभव’मधून क्रमशः आली, तिला आधार रेनॉल्ड्सच्याच एका कादंबरीचा. म्हणजे फ्युयादच्या काळ्या टोळीचे आणि आपल्या वास्तववादी कादंबरीचे पणजोबा एकच निघतात. हरिभाऊ त्या घराण्यातून लवकर बाहेर पडले, फ्युयाद मात्र मनापासून आत राहिला.

‘क्रमशः’ हा शब्द सिनेमात आणला तो मात्र अमेरिकेने. १९१२ मध्ये एडिसन कंपनीने ‘व्हॉट हॅपन्ड टू मेरी’ काढला आणि त्याची गोष्ट बायकांच्या एका मासिकातून त्याच वेळी छापून येऊ लागली. पुढच्या वर्षाच्या शेवटी आला ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन’, ज्यात अमेरिकन नायिका आलाहा नावाच्या काल्पनिक हिंदी संस्थानात येऊन वाघसिंहांशी झुंजते. १९१४ मध्ये पर्ल व्हाइट या नटीचा ‘पेरिल्स ऑफ पॉलिन’ आला आणि दर आठवड्याला नायिकेला मृत्यूच्या दारात उभं करण्याचा कारखानाच सुरू झाला. पडद्यावर पाहा आणि पेपरात वाचा, किंवा आधी वाचा आणि मग पाहा. दोन्हीकडून पैसा.

फ्युयाद मूळचा दक्षिण फ्रान्समधल्या ल्युनेलचा. घरचा व्यवसाय दारूच्या दलालीचा, विचार कर्मठ कॅथलिक आणि राजेशाहीकडे झुकलेले. खुनी, दरोडेखोर आणि त्यांच्या रखेल्यांना पडद्यावर इतकं सुंदर दाखवणारा माणूस घरी असा होता, हे ऐकून मला नेहमी गंमत वाटते. १९०५ मध्ये तो गोमाँ कंपनीत गोष्टी लिहायला लागला. तिथे चित्रपट बनवण्याचा सगळा कारभार ॲलिस गी या बाईंच्या हातात होता. त्या अमेरिकेला गेल्या आणि १९०७ मध्ये त्यांची जागा फ्युयादला मिळाली. १९२५ मध्ये वारला तोवर त्याने सहाशेच्या वर चित्रपट केले. त्यांतले कितीतरी पाच-दहा मिनिटांचे आहेत, तरी आकडा आकडाच आहे.

त्याची पहिली मोठी गुन्हेमालिका ‘फाँतोमास’. पिएर सुव्हेस्त्र आणि मार्सेल आलँ ही जोडगोळी १९११ पासून दर महिन्याला एक याप्रमाणे फाँतोमासच्या कादंबऱ्या पाडत होती, बत्तीस झाल्या. फ्युयादने त्यांवर पाच चित्रपट केले. पहिला पॅरिसमध्ये लागला ९ मे १९१३ रोजी. तारीख नीट पाहा. त्याच्या सहाच दिवस आधी, ३ मे रोजी, मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला होता. एकाच आठवड्यात एकीकडे सत्यासाठी राज्य सोडणारा राजा आणि दुसरीकडे शंभर मुखवट्यांचा खुनी. एकमेकांची दोघांनाही खबर नव्हती.

पॅरिसला अशा खुन्याची ओळख करून द्यायची गरज नव्हती. २१ डिसेंबर १९११ रोजी रू ऑर्देनेर या रस्त्यावर भरदिवसा बँकेच्या वसुली कारकुनाला गोळ्या घालून त्याची थैली पळवली गेली आणि दरोडेखोर मोटारीत बसून पसार झाले. दरोडा घालून मोटारीने पळण्याचा हा जगातला पहिला प्रकार मानतात. पोलिसांजवळ तेव्हा सायकली आणि घोडे. ही बॉनोची टोळी. पुढचे चार महिने पेपरांत दुसरा विषय नव्हता. बॉनो १९१२ च्या एप्रिलमध्ये मारला गेला, पण शहराला एक नवी भीती लागून राहिली: शेजारच्या टेबलावर कॉफी घेणारा सभ्य माणूस कोण असेल सांगता येत नाही. ‘भूत’ या भागात तीन लाख फ्रँक घेऊन निघणाऱ्या बँकेच्या माणसाचा खून होतो आणि नंतर तोच मेलेला माणूस बँकेत हजर होऊन पैसे उचलून जातो, तेव्हा प्रेक्षकांपैकी कित्येकांना रू ऑर्देनेर आठवला असणार.

१९१५ मध्ये गोमाँला घाई होती. स्पर्धक पाते कंपनी पर्ल व्हाइटच्या अमेरिकन मालिका कापून-जोडून ‘न्यूयॉर्कची रहस्यं’ या नावाने फ्रान्समध्ये आणणार होती, आणि ‘ल मातँ’ हे मोठं दैनिक रोज तिची गोष्ट छापणार होतं. (ही पॅरिसची रहस्यं, लंडनची रहस्यं, न्यूयॉर्कची रहस्यं पाहिली की वाटतं, फक्त गाव बदलत होतं.) फ्युयाद त्या वर्षी सैन्यात भरती झाला होता, पण हृदयाच्या दुखण्यामुळे जुलैमध्ये त्याला घरी पाठवलं गेलं. आल्या आल्या तो कामाला लागला. नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या भिंतींवर मुखवट्यांची भित्तिपत्रकं लागली. गळ्याभोवती सापासारखं प्रश्नचिन्ह, आणि चार प्रश्न: कोण? काय? केव्हा? कुठे? पातेची मालिका डिसेंबरात आली. गोमाँने तीन आठवडे आधी बाजी मारली.

या घाईच्या खुणा मालिकेत जागोजागी दिसतात. पक्की पटकथा अशी नव्हतीच, पुष्कळसं चित्रीकरणाच्या वेळी ठरायचं. टोळीचा म्होरका सहाव्या भागात मरतो. सातव्यात कळतं की खरा म्होरका दुसराच होता, सातानास. तो आठव्यात कोठडीत जीव देतो. मग विषांचा जाणकार व्हेनेनो गादीवर येतो. कथेच्या शिस्तीत बसवू गेलात तर डोकं धराल. भागांमधलं अंतरही समान नाही, कधी तीन आठवडे तर पाचव्या आणि सहाव्या भागांत तब्बल आठ. म्हणूनच असेल, फ्युयाद अमेरिकेसारखा नायिकेला कड्यावर लटकत ठेवून रजा घेत नाही. त्याचा प्रत्येक भाग बऱ्यापैकी आपल्या पायांवर उभा असतो. प्रेक्षक परत येतो तो गोष्ट अर्धी राहिली म्हणून येत नाही, त्या जगाची चटक लागते म्हणून येतो.

ती चटक कशाची, हे पाहायचं तर पहिला भाग घ्या. एका पोलीस निरीक्षकाचं धड गावाकडच्या दलदलीत सापडलं आहे. डोकं गायब. गेराँद तपासाला जातो आणि एका डॉक्टरच्या जुन्या गढीत मुक्काम करतो. खोली नेहमीची: पलंग, खुर्ची, भिंतीवर चौकटीतलं चित्र. रात्री त्याच्या हाती धमकीची चिठ्ठी येते. तो खोली तपासू लागतो. चित्र सरकवतो तर मागे भिंतीत पोकळी. त्या वाटेने माणसं या खोलीतून त्या खोलीत आणि थेट छतावर जात-येत आहेत. अखेर निरीक्षकाचं मुंडकंही अशाच एका चित्रामागे, भिंतीत, पेटीत घालून ठेवलेलं सापडतं. हे सगळं होईपर्यंत खोलीत काही भयंकर दिसत नाही. पडछाया नाहीत, वाकड्यातिकड्या कमानी नाहीत. जर्मन भयपटांत पुढे आल्या तशा रंगवलेल्या काळोख्या गल्ल्या नाहीत. आपल्या आजोळी असेल तशी खोली आहे आणि भिंत पोकळ आहे.

कॅमेरा या कामी फ्युयादला फार उपयोगी पडला, आणि तोही काही न करता. तो जागचा हलत नाही. त्याच काळात अमेरिकेत दिग्दर्शक ग्रिफिथ आणि इतर मंडळी दृश्याचे तुकडे करत होती: चेहरा जवळून, हातातलं पिस्तूल जवळून, घड्याळ जवळून. फ्युयाद पत्राचा मजकूर किंवा अंगठी दाखवायची असली तर जवळ जातो, नाहीतर संपूर्ण खोली समोर ठेवून माणसांना तिच्यात खेळवतो. मागचं दार, मधलं टेबल, पुढची खुर्ची, सगळं एकसारखं स्पष्ट. पुढे बसलेला माणूस पेपर वाचतोय आणि मागचं दार हळूच किलकिलं होतंय, हे आपल्याला दिसतं, त्याला दिसत नाही. कुठे पाहायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून आपण सगळीकडे पाहत राहतो. पडदा, कपाट, कोनाडा, ज्याच्या त्याच्यावर संशय येतो. आजच्या झपाट्याच्या कापाकापीची सवय असलेल्या डोळ्यांना पहिली वीस मिनिटं संथ वाटतात. मग आपण कधी पहारेकऱ्यासारखे बसायला लागलो ते कळत नाही.

बाहेरची दृश्यं खऱ्या पॅरिसमध्ये घेतलेली आहेत. पन्हाळी, छपरं, उपनगरातल्या ओसाड भिंती, रिकामे चढउताराचे रस्ते. पाचव्या भागात गेराँद खिडकीत उभा असताना खालून फासा टाकून त्याला ओढून घेतात आणि पेटाऱ्यात कोंबून नेतात. सगळं दिवसाउजेडी, रहदारीच्या रस्त्याला लागून. रात्रीची दृश्यंही बहुधा दिवसाच घेतलेली, नंतर फिल्मला निळा रंग देऊन रात्र केलेली. या भाबड्या निळ्या रात्रीत काळ्या आकृती पाईप धरून सरसर चढतात.

पाचव्याच भागातली मेजवानी मात्र सगळ्या मालिकेचा कळस. एक बॅरन उच्चभ्रू पॅरिसला मेजवानीचं आमंत्रण देतो आणि मध्यरात्री एक खास गंमत होईल असं सांगतो. नट्टापट्टा केलेले पाहुणे जमतात, नाचतात. बारा वाजतात. दारं बाहेरून बंद होतात आणि दिवाणखान्यात सुगंध दरवळू लागतो. हीच ती गंमत असं वाटून लोक खूश. थोड्या वेळाने एकेक जण डुलू लागतो. कोणी दाराकडे धावतं, कोणी खुर्चीत कोसळतं. काही क्षणांत मखमल आणि हिऱ्यांचा एक मोठा ढीग जमिनीवर निपचित पडलेला असतो. मग दार उघडतं आणि काळ्या आकृती आत येतात. घाई नाही, आरडाओरड नाही. फुलं खुडावीत तशा त्या गळ्यातल्या माळा आणि बोटांतल्या अंगठ्या काढून घेतात. बॅरन म्हणजे टोळीचा म्होरका, आणि त्याची ‘भाची’ म्हणजे इर्मा वेप. त्या काळात युरोपात विषारी वायूने माणसं खरोखर मरत होती, १९१५ च्या एप्रिलपासून. पडद्यावरच्या सुगंधाने पाहुणे फक्त झोपतात.

इर्मा वेप. तिसऱ्या भागात गेराँद एका हलक्या दर्जाच्या गाण्याबजावण्याच्या अड्ड्याबाहेर उभा राहून तिच्या नावाचं भित्तिपत्रक वाचत असतो. पाहता पाहता नावातली अक्षरं आपली जागा सोडतात, एकमेकांना ओलांडतात आणि पुन्हा रांगेत उभी राहतात: ‘व्हॅम्पायर’. रोमन लिपीत दोन्हीकडे तीच सात अक्षरं. देवनागरीत ही जादू जमत नाही, आपल्या काना-मात्रा आड येतात, पण पडद्यावर अक्षरं हलताना पाहून मूळ भाषा न कळणाऱ्यालाही शिरशिरी येते. नावालासुद्धा पाठीमागून दार आहे.

ही भूमिका करणारी म्युझिदोरा. खरं नाव झान रॉक, जन्म १८८९. रंगभूमीवरून आलेली, लेखिका कोलेतची मैत्रीण, पुढे स्वतः चित्रपट दिग्दर्शित करणारी बाई. मोठे काजळलेले डोळे, पांढराफटक चेहरा आणि तो अंगासरशी काळा रेशमी पोशाख. मालिकेत ती मोलकरीण होते, बँकेतली टंकलेखिका होते, खानदानी तरुणी होते, पुरुषाचे कपडे घालून फिरते. दर वेळी ती साधी, ओळखीची बाई वाटते आणि दर वेळी आपण फसतो. म्होरके येतात, मरतात, इर्मा टिकते. तिला अल्जीरियाला नेणारं जहाज उडवलं जातं, त्यातूनही ती वाचते. गेराँद या नायकाबद्दल मात्र मी गप्प बसलेलं बरं. सद्गुणी, कर्तव्यदक्ष आणि इतका सपक की त्याला सोडून सगळे लक्षात राहतात. माझामेत झालेला मार्सेल लेव्हेक ही उणीव भरून काढतो. तो मधूनच थेट आपल्याकडे पाहून असा चेहरा करतो, की आपल्या तमाशातला सोंगाड्या आठवावा.

पोलिसांना हे सगळं आवडलं नाही. बाहेर देश लढतो आहे आणि पडद्यावर पोलीस वेडे ठरताहेत, गुन्हेगारांच्या नावाने टाळ्या पडताहेत. काही काळ मालिकेवर बंदी आली. म्युझिदोरा स्वतः अधिकाऱ्यांना भेटायला गेली आणि बंदी उठली, असं सांगतात. समीक्षकांनीही नाकं मुरडली. कलात्मक चित्रपटाची स्वप्नं पाहणाऱ्या तरुण मंडळींना हा बाजारू माल वाटला. फ्युयादने धडा घेतला आणि पुढची मालिका ‘ज्युदेक्स’ केली: काळा अंगरखा, रुंद टोपी, गुप्त गुहा, पण माणूस न्यायी. म्युझिदोरा तिथेही खलनायिका. ‘ज्युदेक्स’ जास्त सुबक आहे, सगळ्यांना चालेल असा आहे, आणि म्हणूनच थोडा फिका.

टाळ्या वाजवणाऱ्यांत काही वेगळी पोरंही होती. आंद्रे ब्रेताँ आणि लुई आरागाँ तेव्हा विशीच्या आसपासचे. पुढे त्यांनी अतिवास्तववादाची चळवळ उभी केली. १९२८ मध्ये त्या दोघांनी मिळून म्युझिदोरासाठी एक नाटक लिहिलं आणि त्यातल्या पात्राला नाव दिलं माद सूरी. म्युझिदोरा या नावाचीच अक्षरं फिरवून. भित्तिपत्रकावरची ती चाळवाचाळव ते बारा वर्षं विसरले नव्हते.

या मालिकेत एक गोष्ट जवळजवळ कुठेच दिसत नाही: युद्ध. जर्मन फौजा नोयाँपर्यंत, म्हणजे पॅरिसपासून शंभरेक किलोमीटरवर, येऊन ठाकल्या होत्या. पाचवा भाग २८ जानेवारी १९१६ चा. २१ फेब्रुवारीला व्हर्दंची लढाई पेटली. सहावा भाग २४ मार्चला आला तेव्हा तिला महिना उलटून गेला होता आणि ती वर्षाच्या अखेरीपर्यंत चालायची होती. थिएटरात बसलेल्या बायकांपैकी किती जणींचा नवरा, भाऊ, मुलगा आघाडीवर असेल याचा हिशेब करायची गरज नाही. पडद्यावर मात्र मोटारी धावताहेत, मेजवान्या झडताहेत, बँका चालू आहेत. फ्युयादने हे जाणूनबुजून केलं की धंद्याची सोय म्हणून, या वादात मी पडत नाही. पण रस्ते तर खरे होते. त्यामुळे पळून जाणाऱ्या चोरामागे जे सुनसान पॅरिस दिसतं, ते माणसं आघाडीवर गेलेलं पॅरिस आहे. पटकथेने दडवलेली गोष्ट कॅमेऱ्याने टिपून ठेवली. शेवटचा भाग ‘रक्तरंजित लग्न’ ३० जूनला लागला. गेराँदच्या नवपरिणीत बायकोच्या गोळीने इर्मा मरते, टोळी संपते, माझामेतचंही लग्न ठरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, १ जुलैला, सोमची लढाई सुरू झाली आणि त्या एका दिवसात एकट्या ब्रिटिश सैन्याचे सत्तावन्न हजारांवर सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले.

मुंबईत पोहोचला तो या प्रकाराचा अमेरिकन अवतार. पर्ल व्हाइटचा ‘एक्स्प्लॉइट्स ऑफ इलेन’, ज्याचे तुकडे पातेने फ्रान्समध्ये विकले, तो १९१६ च्या सुमाराला आपल्याकडे दाखवला गेला आणि लोकांनी उचलून धरला. पुढे एडी पोलो या नटाच्या मारामाऱ्यांनी चार आण्यांचा प्रेक्षक वेडा केला. वाडिया बंधूंनी १९३५ मध्ये ‘हंटरवाली’त नटी नादियाला चाबूक दिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पर्ल व्हाइट होतीच. पुढच्या वर्षीचा त्यांचा ‘मिस फ्रंटियर मेल’ तर स्टेशनमास्तरच्या खुनापासून सुरू होतो आणि मुखवटेवाल्या ‘सिग्नल एक्स’चा शोध घेतो. त्यात नादिया आगगाडीच्या टपावर मारामारी करते. फरक असा, की इथे काळा मुखवटा खलनायकाकडे गेला आणि बाई कायद्याच्या बाजूला आली. इर्मा वेपसारखी, शेवटच्या भागापर्यंत न सुधारणारी बाई आपल्या पडद्याला फार वर्षं पेलली नाही.

म्युझिदोरा उतारवयात पॅरिसच्या सिनेमातेकमध्ये, म्हणजे जुने चित्रपट जपणाऱ्या संस्थेत, काम करत होती. १९५७ मध्ये ती गेली. फ्युयादचा नातू झाक शाँप्रो याच्या देखरेखीखाली १९९६ मध्ये मालिकेची नीट दुरुस्त केलेली प्रत तयार झाली. त्याच वर्षी दिग्दर्शक ऑलिव्हिए आसायासने हाँगकाँगच्या मॅगी चुंगला काळा पोशाख चढवून ‘इर्मा वेप’ हा चित्रपट केला आणि २०२२ मध्ये त्याच नावाने स्वतःच त्याची आठ भागांची मालिकाही केली.

मूळ मालिका आज कोणालाही पाहता येते. पाहणार असाल तर एक विनंती. सातही तास एका रविवारी संपवू नका. तिसऱ्या तासाला चिडाल आणि दोष फ्युयादला द्याल. पहिला भाग पाहा, मग आठवडाभर थांबा. दुसरा पाव तासाचाच आहे: एक नर्तिका वटवाघळाचे पंख लावून रंगमंचावर येते आणि बोटातल्या विषारी अंगठीने नाचता नाचता कोसळते. तिसऱ्या भागात अक्षरं हलतील तेव्हा डोळे पडद्यावर असू द्या, मोबाइलवर नको. आणि चौथा पाहून झाल्यावर घरातलं भिंतीतलं कपाट एकदा बोटाने ठोकून बघा. मी बघितलं होतं.